आमची वाटचाल : सुमो, वहीतला नकाशा आणि जळगाव स्टेशन

एक सेकंडहँड सुमो, दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीसाठी (काळोख्या भुयारी वाटेसाठी) चार सेलचा टॉर्च आणि डॅशबोर्डला सेलोटेपने चिकटवलेला नकाशा, एवढ्यावर संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) पाहुण्यांना गाडीने लेणी दाखवायचा धंदा चालू केला. नकाशा मीच काढलेला, वहीच्या पानावर, निळ्या पेनाने रस्ते आणि लाल पेनाने किलोमीटर. घडीवर फाटलाय, पण अजून गाडीत तोच आहे.

तो बघितला की आपल्याकडचं गणित लगेच कळतं. वेरूळच्या अंगाला सगळं एका लायनीत आहे, 15 किलोमीटरवर दौलताबाद, पुढे खुलताबाद, 30 वर वेरूळ आणि तिथून चालत जाण्याइतकं घृष्णेश्वर. अजिंठा मात्र एकटा पडलाय, फर्दापूरच्या बाजूला, 100 किलोमीटरवर. पण सगळे 'अजिंठा-वेरूळ' असं जोडूनच म्हणतात ना, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं दोन्ही शेजारीशेजारी असणार.

ह्याच गैरसमजाचा फायदा घेऊन एकाने आमचा धंदा बुडवला. 'एका दिवसात दोन्ही', आणि रेट आमच्या निम्म्याला! जाऊन-येऊन 260 किलोमीटर गाडीतच, त्यात अजिंठ्याला टी-पॉइंटला (लेण्यांच्या अलीकडच्या फाट्यावर) गाडी लावून एसटीच्या बसने आत जायचं, मग पायऱ्या, मग रांग. त्याची माणसं पहिली-दुसरी लेणी बघून माघारी फिरायची, 26 नंबरमधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध न बघता. लॉजवाले कमिशनसाठी तिकडे वळले, ज्यांच्याकडे मी चार वर्षं पाहुणे नेले तेसुद्धा. आमची आठवड्याला एक खेप, कधी तीही नाही. दुसरी गाडी हप्त्यावर घेतली होती, तीन हप्ते थकले आणि फायनान्सवाले दारातून ओढून घेऊन गेले, सगळी गल्ली बघत होती. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. मला आजही वाटतं, स्वस्तात दिलं म्हणून नाही, लोकांना अर्धं दाखवून पूर्ण दाखवलं म्हणून सांगितलं, ते वाईट.

त्याच महिन्यात पुण्याच्या चित्रकलेच्या एका बाईंचा फोन आला, "पद्मपाणीपुढे मुलांना निवांत बसता येईल का हो?" पद्मपाणी म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं बोधिसत्त्वाचं चित्र. म्हटलं, बाई, अजिंठ्याला अख्खा दिवस देतो, फक्त रेल्वेने जळगावला उतरा. जळगावहून अजिंठा 60 किलोमीटरच आहे. सकाळी तिथून उचललं, दिवसभर लेणी, संध्याकाळी संभाजीनगर मुक्काम, दुसऱ्या दिवशी दौलताबाद-वेरूळ. पाहुण्यांचा संभाजीनगरहून अजिंठ्याला जाऊन परत यायचा हेलपाटा वाचला. बाई दर डिसेंबरला येतात, आता त्यांचे जुने विद्यार्थी आपापल्या कुटुंबाला घेऊन येतात.

नंतर दोन गाड्या झाल्या, कोरोनात उभ्या राहिल्या, परत चालू झाल्या, ते सगळ्यांचंच झालं.

येणार असाल तर एवढं ऐका, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, बुकिंग करायच्या आधी वार बघा. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर जा, उन्हात दगड उजळतो. अजिंठ्याला काही लेण्यांत पायताण काढावं लागतं, लेसचे बूट घालू नका. आणि हो, नवीन धंदा टाकणाऱ्या पोरांनो, बुकिंग काउंटरवाल्याला उधारीवर गाडी देऊ नका, माझे दोन खेपांचे पैसे अजून आले नाहीत.