मोटर-जनरेटर जोडणीची प्रगती: बॅटरीकडे नेमके काय परत येते?

चाकावर बसवलेल्या जनरेटरने स्वतःचीच बॅटरी भरत राहणारी, म्हणजे बाहेरून काहीही न घेता धावणारी गाडी शक्य आहे का, हा प्रश्न मोजून सोडवण्यासाठी बांधायला घेतलेली जोडणी आता चालती झाली असून तिची भरवशाची मापे हाती आली आहेत. रचना साधी आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणाऱ्या ७७५ आकाराच्या, १२ व्होल्टच्या दोन सारख्या डीसी मोटरी समोरासमोर बसवल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या शाफ्टवर सुमारे दोन किलो वजनाची, १६ सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती आहे. एक मोटर बॅटरीवर फिरते आणि दुसरीला फिरवते. दुसरी जनरेटर म्हणून काम करते. चकती ही गाडीच्या वस्तुमानाची जागा घेते.

पहिले माप जनरेटरवर साडेसहा ओहमचा रोध जोडून घेतले. मोटर १२ व्होल्टवर १.८ अँपियर, म्हणजे २१.६ वॅट घेत होती, तर रोधापाशी ७.८ व्होल्ट आणि १.२ अँपियर, म्हणजे साधारण ९.४ वॅट मिळत होते. शंभरातले त्रेचाळीस परत आले. उरलेले सत्तावन्न कुठे गेले, हे शोधण्यातच या प्रयोगाची खरी गंमत आहे. प्रत्येक मोटरीच्या गुंडाळीचा रोध १.४ ओहम असल्याने पहिल्या मोटरीच्या तांब्यात सुमारे ४.५ वॅट आणि दुसरीच्या तांब्यात २ वॅट उष्णता होऊन गेले. उरलेले ५.७ वॅट कार्बन ब्रशचे घर्षण, बेअरिंगे, चकतीभोवतीची हवा आणि लोखंडी गाभ्यात सतत उलटसुलट होणारे चुंबकत्व यांत खर्च झाले. जनरेटरवरचा भार काढून नुसती जोडणी फिरवली असता जो प्रवाह लागतो, त्यावरून हाच आकडा वेगळ्या वाटेने काढला, तेव्हा फरक अर्ध्या वॅटच्या आसपास निघाला. हिशेबात कुठे छिद्र नाही, हे त्यावरून कळते. काही वेळ चालवून मोटरीच्या कवचाला हात लावला की हरवलेले वॅट बोटांना जाणवतात.

यानंतर मुख्य भाग, म्हणजे जनरेटरची वीज परत बॅटरीला देणे. येथे जे दिसते ते मी सविस्तर नोंदवतो, कारण अशा गाड्यांची प्रात्यक्षिके दाखवणाऱ्यांपैकी जे प्रामाणिक असतात, त्यांची फसगत बहुधा याच ठिकाणी होत असावी. नुसती जोडणी फिरत असताना पहिल्या मोटरीच्या तारेतला अँमीटर ०.६५ अँपियर दाखवत होता. जनरेटरच्या तारा बॅटरीच्या त्याच टोकांना जोडल्या आणि काटा निम्म्यावर आला. इतकेच नव्हे, तर चकतीचा वेगही किंचित वाढला. प्रवाह निम्मा आणि वेग जास्त, हे पाहून कोणालाही वाटेल की जनरेटरने अर्धे काम उचलले आणि अजून थोडी सुधारणा केली की बॅटरी काढून टाकता येईल. परंतु अँमीटर तेथून काढून बॅटरीच्या मुख्य तारेत बसवला, की तो पुन्हा ०.६५ च्या वर किंचित सरकलेला दिसतो. जनरेटर बॅटरीला काहीच देत नाही. उलट तोच बॅटरीकडून घेतो. एकाच शाफ्टवर सारख्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राने तयार केलेला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीच्या १२ व्होल्टपेक्षा नेहमी थोडा कमीच राहतो, त्यामुळे प्रवाह बॅटरीकडून जनरेटरकडे वाहतो आणि जनरेटर निमूटपणे दुसरी मोटर बनून भार वाटून घेतो. एकाऐवजी दोन मोटरी तेच काम करू लागल्या, एवढाच काय तो बदल.

मग जनरेटर मोठ्या-लहान पुलींनी जास्त वेगात फिरवून त्याचा दाब वाढवावा, असे सुचते. तसे केल्यास प्रवाह खरोखर बॅटरीकडे वळतो, पण त्याची किंमत शाफ्टवर चुकवावी लागते. सारख्याच बनावटीचा जनरेटर दीडपट वेगाने फिरवला, तर त्याने परत दिलेल्या प्रत्येक अँपियरसाठी मोटरीला दीड अँपियर घ्यावा लागतो आणि घर्षणाचा वाटा त्याहून वेगळा द्यावा लागतो. याचे कारण १८३४ मध्ये लेन्झने सांगितलेल्या नियमात आहे: जनरेटरमधून प्रवाह वाहू लागला की तो प्रवाह आपल्याला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतो. ज्यांना हे हाताने अनुभवायचे आहे, त्यांनी कोणत्याही लहान डीसी मोटरीचा शाफ्ट आधी तारा मोकळ्या ठेवून आणि मग दोन्ही तारा एकमेकींना जोडून फिरवावा. दुसऱ्या वेळी शाफ्ट जड लागतो. तो जडपणा म्हणजे वीज निर्माण करण्याचा खर्च आहे आणि तो टाळणारे वाइंडिंग किंवा चुंबकांची मांडणी निघालेली नाही, कारण तो खर्च नसेल तेथे वीजही नसते.

चकतीवरची चाचणी यापेक्षा सोपी आणि मला स्वतःला सर्वांत बोलकी वाटली. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या या चकतीत सुमारे ३१५ ज्यूल ऊर्जा असते. बॅटरी तोडल्यावर ती मोकळी फिरू दिली, तर सुमारे दीड मिनिटाने थांबते. जनरेटरवर रोध जोडलेला असेल, तर पाऊण मिनिटातच थांबते. बॅटरी काढून दोन्ही मोटरी एकमेकींना जोडून ठेवल्या, म्हणजे दावा करणाऱ्यांची नेमकी ती स्वयंपूर्ण स्थिती निर्माण केली, तरी मोकळ्या चकतीपेक्षा ती एक क्षणही जास्त फिरत नाही. जड चाक बसवले की ऊर्जा वाढते, असा समज असतो. प्रत्यक्षात ते चाक आधी दिलेली ऊर्जा साठवते आणि ती किती थोडी असते, हे पाहायचे असेल तर घड्याळातल्या साध्या पेन्सिल सेलकडे पाहावे. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये सुमारे दहा हजार ज्यूल असतात.

घर्षण पूर्ण काढून टाकले तर चालेल का, असे अनेकदा विचारले जाते. घर्षण नसेल तर चकती फिरत राहील, हे खरे. पण त्यातून एक दिवा जरी लावला तरी तितकी ऊर्जा कमी होऊन ती मंदावेल. गाडीचे तर कामच हवा मागे सारणे आणि टायर चेपत पुढे जाणे हे आहे. हजार किलोच्या लहान गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जायला टायरांसाठी साधारण १०० न्यूटन आणि हवेसाठी ११० न्यूटन बल लागते, म्हणजे चाकांपाशी अखंड साडेतीन किलोवॅट. ही ऊर्जा हवेत आणि डांबरात उष्णतारूपाने विखुरते. टपावर पवनचक्की बसवणाऱ्यांसाठी एक नेमका हिशेब देतो. आदर्श पवनचक्की वाऱ्यातल्या शक्तीपैकी जास्तीत जास्त १६/२७ भाग घेऊ शकते, पण ती घेताना तिच्यावर पडणारा दाब गाडीला मागे ओढतो आणि त्यावर मात करायला त्याच मापाने ८/९ भाग शक्ती लागते. म्हणजे दोष नसलेली, कल्पनेतली चक्कीसुद्धा तीन वॅट घेऊन दोन देते. विजेच्या गाड्यांमधले ब्रेक लावताना बॅटरी भरणारे तंत्र मात्र पूर्ण खरे आहे, कारण ते ब्रेकमध्ये वाया जाणारी, बॅटरीतूनच आलेली गतिज ऊर्जा काही प्रमाणात परत आणते.

जोडीला दुसरे काम चालू आहे ते आपल्याकडच्या स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरत राहील अशा कल्पनेच्या यंत्राच्या प्रतिकृतीचे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत पाऱ्याने अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांचे चाक वर्णिले आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्या ग्रंथांपैकी सिद्धान्तशिरोमणी हा एक, म्हणून हे चाक आपल्या हातांनी बांधून पाहण्याची मला फार ओढ होती. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने मी प्लास्टिकच्या, एकाच दिशेने कललेल्या आठ नळ्यांमध्ये सायकलचे छर्रे घातले आहेत. ढकलल्यावर चाक काही फेरे घेते, मग मागे-पुढे झोके घेऊन थांबते. एका बाजूचे छर्रे आसापासून दूर जातात, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि म्हणून ती बाजू कायम जड राहील असे वाटते. परंतु दुसऱ्या बाजूला आसाजवळचे छर्रे संख्येने जास्त असतात, आणि चाक थांबते तेव्हा सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर खाली आलेला असतो. पूर्ण फेऱ्यात प्रत्येक छर्रा जितका खाली उतरतो तितकाच वर चढवावा लागतो, मग नळ्यांना कोणताही बाक दिला तरी. शिवाय, छर्रे नळीच्या टोकाला आपटतात तेव्हा होणारा आवाजही त्याच मूळ धक्क्यातून खर्च होतो.

मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८४० च्या दशकात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मांडला, त्याच्या आधीच, १७७५ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने चिरगती, म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणे बंद केले होते. हा निर्णय मला कोरडा वाटत नाही. अशा यंत्रांमागे कुटुंबांची मिळकत संपत असल्याचे कारण अकादमीने दिले होते, आणि आजही असे संच विकत घेणारे लोक आहेत.

पुढच्या टप्प्यात दीडपट पुली बसवून वर दिलेला हिशेब मापाने तपासणार आहे. ज्यांच्याकडे अशीच जोडणी आहे, त्यांनी आपली मापे पाठवताना अँमीटर बॅटरीच्या मुख्य तारेत होता की एकाच मोटरीच्या तारेत, हे आवर्जून लिहावे, आणि बॅटरीचा व्होल्टेज चाचणीच्या आधी व चाचणीनंतर अर्ध्या तासाने असा दोनदा नोंदवावा. भार काढल्याबरोबर बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा वर येतो आणि ती भरली गेल्याचा भास होतो.