मध्यावरचा ताण मोजताना

पोस्ट-टेन्शनिंगच्या गर्डरमध्ये, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणून बळकट करतात त्या तुळईत, केबल ताणताना आपल्या हाती येतं ते जॅकपाशी, म्हणजे ताणणाऱ्या यंत्रापाशी, दिसणारं: गेजवरचा दाब आणि केबलची वाढलेली लांबी. पुढे डक्टच्या, म्हणजे केबल जिच्यातून जाते त्या नळीच्या, वळणांवर घर्षणाने ताण घटत जातो. गर्डरच्या मध्यावर, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथे किती उरला हे आपण सूत्राने काढतो. माझं संशोधन तो ताण प्रत्यक्ष मोजण्यावर होतं.

त्यासाठी पोलादाचाच एक गुण कामी येतो. लोखंड चुंबकित झालं की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूलने १८४२ मध्ये दाखवलं. उलट बाजूने, ताण दिला की चुंबकीय गुण बदलतात, हे एमिलियो विलारीने १८६५ मध्ये. म्हणजे केबल स्वतःच सेन्सर! तिच्याभोवती दोन कॉइल बसवायच्या. एकीतून विजेचा पल्स सोडायचा, दुसरीत उमटणारं व्होल्टेज मोजायचं. त्यावरून पारगम्यता, म्हणजे पोलाद किती सहज चुंबकित होतं ते, आणि तिच्यावरून ताण. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

मी सिव्हिलचा, त्यामुळे चुंबकत्व धातुशास्त्राच्या लॅबमध्ये बसून शिकलो. कमी चुंबकीय क्षेत्रात ताणामुळे लोखंडाचं चुंबकन वाढतं, जास्त क्षेत्रात घटतं. त्यामुळे पल्स किती जोराचा हवा, हे ठरवण्यातच बराच काळ गेला. तापमानानेही पारगम्यता बदलते. यावर उपाय म्हणून त्याच स्ट्रँडचा (केबलमधल्या पोलादी तारांच्या पिळाचा) न ताणलेला तुकडा, त्याच कॉइलसह, शेजारी ठेवला आणि दोन्हींतला फरक वाचला. शिवाय स्ट्रँडचा रोल बदलला की कॅलिब्रेशनही (रीडिंगवरून ताण काढण्याचं प्रमाण) बदलू शकतं, म्हणून प्रत्येक रोलचा तुकडा कापून टेस्टिंग मशीनवर ताणून पाहिला.

खरी परीक्षा पुण्याजवळच्या एका पुलाच्या साइटवर झाली, आणि ती चुंबकाची नव्हती. कॉइल डक्टभोवती बसते, म्हणजे ती काँक्रीट ओतण्याआधीच जागेवर हवी. तिथला डक्ट पत्र्याचा चालत नाही, एचडीपीई या प्लास्टिकचाच लागतो. स्ट्रँड ओवल्यावर, जॅक लावण्याआधी शून्याचं, म्हणजे ताण नसतानाचं, रीडिंग घ्यावंच लागतं. आजूबाजूच्या सळ्यांचा परिणाम तिथेच वजा होतो. हे रीडिंग हुकलं तर पुढच्या आकड्यांना आधार राहत नाही. आणि त्याच वेळी पुढचा गर्डर शटरिंगची वाट पाहत असतो.

प्लॅनिंग इंजिनिअर म्हणाले, "साहेब, बारचार्टमध्ये नाही ते साइटवर होत नाही." ते शंभर टक्के खरं होतं. आम्ही दोघांनी बसून त्या वेळापत्रकात केबल ओवणं आणि ताणणं यांच्यामध्ये ‘शून्य रीडिंग’ ही वेगळी ओळ घातली. रीडिंगवर सही झाल्याशिवाय जॅक लावायचा नाही, असं ठरलं. काम पहाटेचं ठेवलं. तेव्हा गर्डरचं तापमान सगळीकडे सारखं असतं आणि जॅकची टोळीही मोकळी असते. त्यानंतर एकाही ताणलेल्या केबलचं रीडिंग चुकलं नाही.

मध्यावरचा ताण हिशेबापेक्षा थोडा कमी, पण मर्यादेत निघाला. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे, की ग्राउटिंगनंतरही, म्हणजे डक्टमध्ये सिमेंटचा घोळ भरल्यावरही, तीच कॉइल वाचता येते. काळानुसार होणारी घट आता सूत्राशी ताडून पाहता येईल. कुणाला या विषयात यायचं असेल तर आधी डक्टचं ड्रॉइंग आणि साइटचं शेड्यूल मागून घ्या. कॉइल किती वेढ्यांची करायची, ते त्यानंतर ठरवा.