साल्वादोर: ढोल ऐकून कळणारा धर्म

ब्राझीलच्या साल्वादोरला पोचले तो शुक्रवार होता, रस्त्यात जिकडे तिकडे पांढरे कपडे. शुक्रवार ओशाला या देवाचा वार, म्हणून पांढरं घालायचं. हे सांगितलं कोपऱ्यावर आकाराजे विकणाऱ्या मावशींनी. आकाराजे म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून, कांद्याबरोबर वाटून केलेला वडा, लालभडक पामतेलात तळलेला, आणि तो यान्सां देवीचा नैवेद्य.

मी विचारलं, तुमचा धर्म कांदोंब्ले ना, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी ब्राझीलमध्ये जपलेला? त्या म्हणाल्या हो, पण नासांव कुठलं ते विचार. नासांव म्हणजे खरं तर राष्ट्र, पण इथे अर्थ घराणं किंवा परंपरा असा घ्यायचा. मुख्य तीन: केतू, जेजे, अंगोला. केतूचा राहू-केतूशी संबंध नाही हं, ते आजच्या बेनिनमधलं जुनं राज्य. केतूवाले देवांना ओरिशा म्हणतात, जेजेवाले वोदुन, अंगोलावाले इंकीसी. विजेचा देव केतूत शांगो, अंगोलात न्झाझी. आणि कान दिलात तर फरक ऐकूही येतो, केतूत ढोल काठ्यांनी वाजतो, अंगोलात नुसत्या हाताने!

दुसऱ्या दिवशी कासा ब्रांका बघितलं, उतारावरचं जुनं देवस्थान, खाली ओशुन देवीची दगडी होडी. 1984 मध्ये सरकारने या जागेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली, पण 1976 पर्यंत बाहियात, म्हणजे साल्वादोरच्या राज्यात, अशा देवस्थानांना पूजेसाठी पोलिसांकडे नोंद करावी लागायची, हे ऐकून मला खरंच खूप वाईट वाटलं. बाहेरच्यांनी कायम जादूटोणाच म्हटलं ना. क्युबातही तेच, तिथल्या अशाच आफ्रिकी मुळाच्या धर्माला सान्तेरिया हे नाव हिणवायला पडलेलं, आतली माणसं रेग्ला दे ओचा किंवा लुकुमी म्हणतात. हैतीत वोदू धर्म, तिथे तर माणूस आपण लोआंची, म्हणजे देवात्म्यांची, सेवा करतो एवढंच सांगतो, आणि अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीने वूडूइझम हा शब्द काढून वोदू केला तो थेट 2012 मध्ये. ब्राझीलच्या जनगणनेत अजून उंबांदा हा तिथलाच दुसरा धर्म आणि कांदोंब्ले एकाच रकान्यात येतात, दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या, मला हे पटत नाही.

शेवटच्या रात्री चढावरच्या एका घरातून ढोल ऐकू आला. थांबले. काठीचा कडक आवाज नव्हता, तळहाताचा भरीव ठेका होता. अंगोला.