जखमेभोवतीचे पाणी

माझ्यासमोर दोन पेट्री डिश होत्या. दोन्हींत झेब्राफिश या गोड्या पाण्यातील छोट्या माशाची तीन दिवसांची पिल्ले होती. एकाच जोडीच्या अंड्यांतून आलेली आणि त्या सकाळी एकाच पात्याने शेपटीचा काठ कापलेली. पहिल्या डिशमधल्या पिल्लांच्या जखमेकडे पांढऱ्या पेशींची रीघ लागली होती. दुसऱ्या डिशमध्ये मात्र काठाशी एखाददुसरीच पेशी रेंगाळत होती. तीन तास उलटून गेले होते, आणि एरवी वीस-पंचवीस मिनिटांतच पहिल्या पेशी हलू लागलेल्या मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या.

बडोद्यात या माशांवर काम करताना ते माझे चौथे वर्ष होते. आमच्याकडील एका वाणात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हिरव्या चमकतात. पिल्लू जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांब आणि काचेसारखे पारदर्शक असते, त्यामुळे जिवंत प्राण्याच्या अंगात दाह कसा सुरू होतो हे सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते. कापण्याचे काम मात्र हाताचे आहे. ट्रायकेनची भूल देऊन पिल्लू आडवे ठेवायचे आणि पाते वरून सरळ खाली दाबायचे. ओढले की काठ फाटतो, आणि पृष्ठरज्जूच्या टोकाला धक्का लागला तर ती निराळीच जखम होते. हे शिकायला मला एक पावसाळा लागला होता. म्हणून दुसरी डिश पाहिल्यावर पहिला संशय मी स्वतःच्या हातावर घेतला, आणि दुसरा भुलेच्या मात्रेवर.

हृदये नीट धडधडत होती. शेपटीच्या बारीक वाहिन्यांतून रक्तपेशी एकामागून एक जाताना दिसत होत्या. पापणीचा केस चिकटवलेल्या काडीने हळूच स्पर्श केला, तर पिल्ले सुळकन दूर जात होती. मी मॅडमना बोलावले. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिले आणि मान वर न करताच विचारले, "अगं, पाणी कुठल्या बाटलीतले घेतलेस?"

मांडणीवर निळ्या झाकणाच्या दोन सारख्याच बाटल्या होत्या आणि दोन्हींवरची मार्करची अक्षरे स्पिरिटच्या पुसण्याने अर्धवट गेली होती. एका बाटलीत पिल्लांचे नेहमीचे पाणी होते; त्यात दर लिटरला मिठाचे ५ मिलिमोल असतात, म्हणजे जवळपास गोडेच पाणी. दुसऱ्या बाटलीत रिंगर द्रावण होते. मोठ्या माशांचे काढलेले खवले काही काळ जिवंत ठेवण्यासाठी आम्ही ते वापरतो आणि त्यात मिठाचे ११६ मिलिमोल असतात. पाण्याचा खारटपणा दाखवणारा वाहकतामापक दुसऱ्या डिशमध्ये बुडवताच आकडा कितीतरी पटींनी वर गेला. मला फार शरम वाटली. सकाळी सात वाजल्यापासूनचे काम होते, आणि प्रयोग करताना लेबल न वाचणे याला कोणतीही सबब नसते, असे मी आजही मानते.

डिश फेकून द्यायला मी उठले, तेव्हा मॅडमनी हात धरून बसवले. "फेकू नकोस. रिंगर काढून घे, पिल्लांचे पाणी घाल आणि पाहत बस."

द्रावण पिपेटने काढून तीन वेळा नेहमीच्या पाण्याने धुतले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाहेर मे महिन्याचे ऊन होते, शेजारच्या खोलीत माशांच्या टाक्यांचे पाणी २८.५ अंशांवर राखणारी यंत्रे घुमत होती, आणि काही मिनिटे काहीही घडले नाही. मग शेपटीच्या बुडाशी स्वस्थ पडून असलेली एक हिरवी पेशी लांबुळकी झाली. तिने पुढे एक बोट काढले, ते जखमेच्या दिशेने वळवले, मागचा भाग ओढून घेतला, थबकली, पुन्हा बोट काढले. तिच्यामागे दुसरी निघाली, मग तिसरी. अर्ध्या तासात त्याच पिल्लाच्या काठावर, तीन तास सुन्या पडलेल्या त्याच काठावर, पेशींची गर्दी झाली. जखम सकाळचीच होती. बदलले होते ते केवळ तिच्याभोवतीचे पाणी.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रातील संशोधक फिलिप नीथॅमर यांच्या गटाने २०१३ मध्ये नेमके हेच दाखवले होते. तो निबंध मी वाचलेला होता, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातले द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा पुष्कळ खारट असतात आणि ही तफावत कातडीने बांधासारखी अडवून धरलेली असते. कातडी फाटली की गोडे पाणी आत शिरते आणि काठावरच्या पेशी फुगतात. त्यांचे केंद्रकही फुगते, त्याचे आवरण ताणले जाते, आणि तो ताण ओळखणारे फॉस्फोलायपेज गटातील एक एंझाइम आवरणावर येऊन बसते व तेथून मेदाम्ले मोकळी करते. त्यांच्यापासून बनणारे रेणू पांढऱ्या पेशींना हाक देतात. बाहेरचे द्रावण शरीराइतकेच खारट असेल तर फुगणेच होत नाही, आणि हाक उमटत नाही. याच गटाने २०१४ मध्ये दाखवले की जखम झाकण्यासाठी कातडीच्या पेशी पुढे सरकतात, त्यालाही हीच फुगण्याची खूण लागते. २००९ मधील हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोधही नीथॅमर यांच्याच नावाशी जोडलेला आहे: जखमी काठावर त्याची लाट उसळते आणि पांढऱ्या पेशी तिच्या रोखाने येतात. म्हणजे जखम एकाच आवाजात बोलत नाही. तरीही आमच्या डिशमध्ये खारटपणाची तफावत नाहीशी होताच ती जवळजवळ मूक झाली होती, याचे मला फार आश्चर्य वाटले.

मोठ्या माशाच्या कातडीचा वेगही याच संदर्भात समजतो. अंगाच्या बाजूला दोनेक मिलिमीटरची खोल जखम केली तर वरचा थर रक्ताच्या गुठळीची वाट न पाहता सरकू लागतो आणि साधारण दिवसभरात जखम झाकून टाकतो. दाह त्यानंतर रंगात येतो, खालची नवी ऊती तयार होऊन पुढे ओसरते, खवले पुन्हा येतात आणि व्रण फारसा राहत नाही. आपल्याकडे गुठळी, खपली, मग हळूहळू बंद होणे आणि शेवटी व्रण असा क्रम असतो. उघड्या जखमेतून अखंड पाणी आत येणाऱ्या प्राण्याला इतका अवकाश परवडणारा नाही.

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्या उन्हाळ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्यांच्या पायाच्या जखमेचे ड्रेसिंग रोज संध्याकाळी होत असे. परिचारिका लिटरला ९ ग्रॅम मीठ असलेल्या सलाइनने जखम धूत असे, कारण त्या द्रावणात पेशी फुगत नाहीत आणि त्यांना इजा होत नाही. त्या संध्याकाळी मी तिच्या हातातील बाटलीकडे नुसती पाहत राहिले. माशाची जखम ज्या फुगण्याने जागी होते, तेच फुगणे माणसाच्या जखमेत आपण मुद्दाम टाळतो. यावरून सलाइन वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. माणसाची कातडी हवेत राहते, ती झऱ्याच्या पाण्यात राहत नाही. परंतु लाळ रक्तापेक्षा बरीच कमी खारट असते आणि तोंडातली जखम लवकर भरते, या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. बाबांना मी तो समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे मासा बरा होतो तो पाण्यामुळे?" मी म्हटले, "पाण्यामुळे त्याला कळते, बाबा. बरा तो स्वतःच होतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तोच प्रयोग रीतसर केला. नवी पिल्ले घेतली आणि चार डिशमध्ये चार निरनिराळ्या खारटपणाची द्रावणे घेतली. मोजणाऱ्या सहकाऱ्याला कोणती डिश कोणती हे कळू नये म्हणून त्यांना केवळ क्रमांक दिले. दोन्ही बाटल्यांवर छापील लेबले लावून वरून चिकटपट्टी मारली.

आदल्या दिवशीची दोन्ही डिशमधली पिल्ले मी टाकली नव्हती. कापल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सगळ्यांच्या शेपटीची झालर काठापर्यंत पुन्हा भरून आली होती, आणि झाकणावरचा क्रमांक वाचेपर्यंत तीन तास थांबलेली पिल्ले कोणती, हे मला ओळखता आले नाही.