पानं किती धरायची?

वाढदिवसाच्या जेवणाचा दर विचारायला केटररला फोन करावा, तर तो आधी आपल्यालाच विचारतो, "पानं किती धरू?" गाडं तिथेच अडतं. अडीचशे रुपये ताट, 60 पानं, म्हणजे 15 हजार. वर 5 टक्के जीएसटीचे साडेसातशे. एवढा गुणाकार कुणालाही येतो. पण हे 60 आणायचे कुठून?

"नक्की येतो" म्हणणारे हमखास येत नाहीत. "बघतो, जमवतो" म्हणणारे मात्र गावाहून आलेल्या सासू-सासऱ्यांसकट हजर. लेकाच्या वर्गातल्या एका मित्राला बोलावलं की त्याला सोडायला आई येते, तिच्या कडेवर धाकटी असते आणि बाबा गाडी लावून "नुसतं भेटायला" वर येतात. मुलांचं अर्धं पान धरायचं म्हणतात. ते अर्धं कुठल्या मुलाचं? एक पोर केकवरचं क्रीम चाटून पळतं, दुसरं चौथा पाव मागतं.

त्यात पंचांग. संकष्टी आली की निम्म्या काकू हातात काही न घेता चंद्रोदयाची वेळ विचारत बसतात, आणि चंद्र उगवतो नऊच्या आसपास. तोवर केटररची माणसं भांडी आवरायला लागलेली. श्रावणात आणखी वेगळं: पावभाजी कांदा-लसणाशिवाय करा म्हटलं की आचारी असं बघतो, की आपणच ओशाळतो.

केटररचा हिशेब पक्का असतो. 50 पानांची मिनिमम गॅरंटी. कमी आले तरी पैसे 50चेच, जास्त आले तर ताटल्या मोजून. आमचे एक काका पावभाजी संपली की ताटली टेबलाखाली सरकवतात आणि पुलावासाठी कोरी करकरीत उचलतात. "भाजीचा वास लागतो रे भाताला." गुलाबजामसाठी तिसरी. वाटीत घ्या, वाट्या मोजत नाहीत, हे त्यांना सांगणार कोण?

मी आता पदार्थ बघून अंदाज बांधतो. गुलाबजाम माणशी दोन, मोजून. पुलाव थोडा हात राखून, कारण पावभाजीनंतर भाताकडे फारसं कुणी वळत नाही. पावाची काळजीच नाही, नाक्यावरच्या बेकरीतून ऐनवेळी लाद्या आणता येतात. बायकोला मात्र हे हात राखणं मंजूर नाही. उरलं तर शेजारी डबे देता येतील, संपलं तर नणंदा वर्षभर ऐकवतील, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या नणंदा म्हणजे माझ्याच बहिणी असल्यामुळे मला वाद घालता येत नाही. मग 60चे 70 होतात.

राहता राहिली रिटर्न गिफ्टं. तीही मोजूनच आणायची, आणि तिथे कडेवरच्या धाकटीला अर्धं देऊन भागत नाही.