जांभ्याच्या सड्यावर गॅलियम शोधताना: पसरणी घाट ते सडावाघापूर

"आपल्या डोंगरात गॅलियम आहे म्हणे!" गॅलियम हा एक धातू. गेल्या वर्षभरात हे इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी जाऊन बघायचं ठरवलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मोकळे काढले. मी, माझा मामेभाऊ आणि कॉलेजात ज्यांनी मला भूगर्भशास्त्र शिकवलं ते आमचे सर, असे तिघंच होतो. सर आता सत्तरीला आलेत, पण जांभ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाचा, विषय निघाला की अजूनही सगळ्यांच्या पुढे चालतात.

केंद्र सरकारनं २०२३ साली ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली. तीत गॅलियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम ही सगळी आहेत. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून चीननं गॅलियमच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि जगभर धावपळ उडाली, कारण कच्चं गॅलियम जवळजवळ सगळं तिथूनच येतं. मोबाइलचे छोटे फास्ट चार्जर, एलईडी दिवे, रडार यांना ते लागतं. युरोपात तर २०२४ च्या कायद्यानं सदस्य देशांना बंद खाणींचे टाकाऊ ढीगही तपासायला सांगितलंय. आधीच्या पिढ्यांनी लोखंडासाठी, जस्तासाठी खणलं आणि उरलेलं बाजूला टाकलं. त्या टाकलेल्यात आज काय सापडतं ते बघायचं. आपल्या साताऱ्यात असा जुना धातूचा धंदा होता तो महाबळेश्वरच्या धावडांचा, म्हणजे लोखंड गाळणाऱ्या लोकांचा. म्हणून रस्ता तिकडूनच आखला.

सकाळी साडेसहाला साताऱ्याहून निघालो, वाईत चहा घेतला आणि पसरणीच्या घाटाला लागलो. घाटात उजेड चांगला पडला की रस्त्यासाठी तासलेल्या कड्यात काळ्या पाषाणाचे थर एकावर एक दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. मधेच एखादा विटकरी रंगाचा पट्टा येतो. एक लाव्हा थंड झाला आणि दुसरा यायच्या आत वरचा दगड कुजून त्याची माती झाली, ती पुढच्या लाव्ह्यानं भाजली. गाडी वळणावर अजिबात उभी करू नका, मागून ट्रक येतात. रुंद जागा बघून थांबा आणि चालत मागे या.

पाचगणीच्या टेबललँडवर बहुतेक लोक घोड्यावर बसतात आणि परत फिरतात. तुम्ही पठाराच्या कडेला जा. वर टणक, भोकाभोकांचा जांभा, त्याखाली मऊ, फिकट, बोटानं उकरता येईल अशी माती, आणि त्याच्याही खाली सडत चाललेला काळा पाषाण असा क्रम तिथं उघडा पडलाय. सरांनी आम्हाला कडेला बसवून सांगितलं ते असं: लाखो वर्षं पाऊस या दगडातून झिरपत राहिला. चुना, सोडा, पोटॅश, सिलिका धुऊन खाली गेली. लोखंड, अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम पाण्याला दाद देत नाहीत, ते जागेवर राहिले. लोखंड जास्त राहिलं तो लाल-काळा जांभा, अॅल्युमिनियम जास्त राहिलं ते बॉक्साइट. गॅलियमची स्वतःची अशी खाण जवळपास नसतेच. त्याचा अणू अॅल्युमिनियमच्या जागी सहज बसतो, म्हणून ते बॉक्साइटच्या पोटात लपलेलं असतं. जगभरची सरासरी धरली तर टनाला सुमारे ५० ग्रॅम. दहा टनांचा डंपर भरला तर त्यात अर्धा किलो, आणि त्यातलाही थोडासाच हाती लागतो. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम बनवायची पांढरी भुकटी, काढतात, तेव्हा त्याच द्रावणात गॅलियम साठत जातं आणि तिथून वेगळं करता येतं. हा आकडा ऐकून भाऊ गप्पच झाला. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कुदळ मारून गॅलियम मिळेल ही कल्पना तिथंच सोडून द्या.

मग बघायचं काय? दगड ओळखायला शिकायचं, आणि ते फार आनंदाचं आहे. सोबत एक जुनी कपबशी ठेवा. बशीच्या बुडाला जे खरबरीत, चकाकी नसलेलं कडं असतं, त्यावर दगड घासायचा. विटेसारखी तांबडी रेघ उठली तर लोखंडाचा एक प्रकार, पिवळट-तपकिरी उठली तर दुसरा. बॉक्साइटची रेघ फिकट येते आणि हाताला तो लोखंडी जांभ्यापेक्षा हलका लागतो. एक साधं लोहचुंबकही खिशात असू द्या. जांभ्यातले वाटाण्याएवढे गोल दाणे काही वेळा त्याला पटापट चिकटतात. पण हे सगळं रस्त्याकडेला निखळून पडलेल्या दगडांवरच करा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, आणि वनजमिनीवरचा दगडसुद्धा कायद्यानं वनोपज ठरतो. हातोडा घरीच ठेवा. आम्ही नेला नव्हता आणि एकदाही अडलं नाही.

दुपारी महाबळेश्वरच्या अलीकडे एका वाडीवर गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चार दिवसांत बांध उकरलेले दिसतील. धावड लोक इथल्या जांभ्यातून लोखंड गाळायचे. मातीची भट्टी, लोणारी कोळसा, भाता. जुन्या सातारा गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. जंगलावर बंधनं आली, कोळसा महाग झाला, विलायती लोखंड स्वस्तात बाजारात आलं आणि भट्ट्या विझल्या. ज्यांच्या शेतात आम्ही गेलो त्या काकांनी आधी विचारलं, "सर्व्हेवाले का?" नाही म्हटल्यावर चेहरा सैलावला. मग त्यांनीच बांधातला एक दगड काढून सरांच्या हातात दिला.

तो दगड नव्हताच. ते लोहकीट होतं, भट्टीतून वाहून गेलेला मळ. एका अंगानं काळंभोर आणि गुळगुळीत, पातळ गूळ ओतल्यावर थिजतो तशा वळ्या पडलेल्या. दुसऱ्या अंगाला मात्र भट्टीची भाजलेली माती अजून चिकटून होती आणि तिच्यात कोळशाच्या तुकड्याचा ठसा, लाकडाच्या रेषांसकट. सरांनी त्या ठशावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मी जन्मल्यापासून साताऱ्यात राहतोय, वर्षाला चार वेळा महाबळेश्वरला जातो, आणि या माणसांबद्दल मला कुणी एक वाक्य सांगितलं नव्हतं. स्ट्रॉबेरीच्या पाट्या सगळीकडे आहेत. धावडांची एखादी तरी पाटी असायला हवी होती.

जांभ्यातलं टायटॅनियम लोखंडात उतरत नाही, ते या किटातच जातं. म्हणजे युरोपात जो तपास चाललाय त्याचा छोटासा नमुना आमच्या हातात होता. पण इथले ढीग इतके लहान आणि विखुरलेले आहेत की त्यातून धातू काढायचा विचारही करू नये. त्यांची किंमत इतिहासाची आहे. तुकडा बांधात होता तिथंच ठेवला. धातूच शोधायचा असेल तर अॅल्युमिनाच्या कारखान्यांबाहेर साठलेल्या लाल गाळाकडे आधी वळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक टन अॅल्युमिना केला की साधारण एक ते दीड टन हा गाळ उरतो, आणि त्यात लोखंड, टायटॅनियम, थोडासा स्कँडियम नावाचा धातूही असतो. कोल्हापूरच्या डोंगरातलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेलेलं आहे. डोंगर एकदा फोडून झालाय, मग त्याचंच उरलेलं आधी पुरतं वापरा ना!

रात्री साताऱ्याला परतलो. दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून चाफळमार्गे सडावाघापूरच्या पठारावर. रस्ता अरुंद आणि चढाचा, छोटी गाडी बरी. पावसाळ्यात उलट्या धबधब्यासाठी इथं झुंबड उडते, पण दगड बघायला दिवाळीनंतरच यावं. गवत वाळलेलं असतं, शेवाळ नसतं. बूट जाड तळाचे घाला, जांभ्याच्या कडा चपला कापतात. डोक्याला टोपी हवीच, सावली कुठंही नाही. नऊच्या सुमारास अचानक धुकं आलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. सडा सगळा सारखाच, खुणेला झाड नाही. पवनचक्कीच्या पात्यांच्या आवाजावरून दिशा धरली, मग आवाजही फसवा वाटायला लागला, तेव्हा सर म्हणाले, "बसा खाली." चाळीस मिनिटं बसून राहिलो. तुम्हीही तेच करा. कडा कुठं संपतो ते धुक्यात कळत नाही.

धुकं विरलं तेव्हा समोर म्हशी आणि त्यांच्यामागे एक आजी. "काय हरवलंय का रं?" दगड बघतोय म्हटल्यावर त्यांनी मशीन येणार आहे का, सडा फोडणार आहेत का, असं दोनदा विचारलं. आम्ही नाही म्हणालो आणि मनापासून म्हणालो. मग त्या आम्हाला कडेखाली घेऊन गेल्या. जांभा संपतो आणि ती फिकट माती सुरू होते त्या सांध्यातून बारीक धार वाहत होती. भोकाभोकांच्या जांभ्यातून उतरलेलं पाणी मातीपाशी अडतं आणि असं बाजूला फुटतं. ज्या थरात अॅल्युमिनियम साठलं, त्याच थरात वाडीचं पाणी साठलेलं होतं. आम्ही तिघांनी ओंजळीनं प्यायलो, बाटल्या भरल्या.

तुम्ही जाल तेव्हा मात्र पाणी खालूनच घेऊन चढा, माणशी तीन लिटर तरी. आजी म्हणाल्या, "व्हळीपातुर असतंय हितं. म्होरं आमालाच पुरत न्हाय."