काँक्रीटचे स्लीपर, कागदावर मात्र 'लाकडी'

गोठ्यापासून कुरणापर्यंतची आमची वाट दर पावसात चिखल व्हायची. सतत ओलं राहून खूर मऊ पडतो, मग त्यात बारका खडा रुतला की गाय लंगडलीच समजा. म्हणून वाटेवर टाकायला रेल्वेचे काढून टाकलेले काँक्रीटचे स्लीपर, म्हणजे रुळाखाली आडवे असतात ते ठोकळे, घ्यायचं ठरवलं. बघणं, पसंत करणं, पैसे भरणं, सगळं दोन दिवसात उरकलं.

आणि मग माल सोडायच्या कागदावर कुणीतरी 'काँक्रीट'च्या जागी 'लाकडी' लिहून ठेवलं.

लाकडी स्लीपरला क्रिओसोट पाजलेलं असतं, लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते तेल, विषारी प्रकार आहे, त्यानं कॅन्सर होऊ शकतो आणि गुरं तर दिसेल ते चाटतात, त्यामुळे तो जनावरांजवळ नको हे मलाही पटतं. पण माझे काँक्रीटचे! खिडकीतून ढीग दिसतोय! तरी ऑफिसातले म्हणे, "जनावरांचा संबंध येणार नाही असं लिहून द्या." अहो, गायींच्या वाटेलाच नेतोय, काय लिहून देऊ? कागदावरची चूक दुरुस्त करणारे साहेब रजेवर. पुढच्या खेपेला ते भेटले तर म्हणाले नवा फॉर्म भरा, आणि त्यात 'वापर' पुढे दोनच पर्याय, बांधकाम किंवा बाग. ढिगाचा फोटो दाखवला तर मोबाईलवरचा नको, प्रिंट आणा. प्रिंट नेली तर फॉर्म जुना झालेला. पाच हेलपाटे, सव्वा महिना, आणि तेवढ्यात घरी आणखी दोन गायी लंगडायला लागल्या. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी 'लाकडी'वर रेघ मारली, वर 'काँक्रीट' लिहिलं, सही केली. झालं. मिनिटभराचं काम!

तेव्हा पावती हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा.

बाकी काम सोपं. एकेक नग अडीचशे-तीनशे किलोचा, त्यामुळे क्रेनवाला ट्रकच बोलवा, माणसं लावून उचलायच्या फंदात पडू नका. खाली मुरूम दाबून घ्या, एका बाजूला थोडा उतार द्या, आणि स्लीपर उलटे टाका, सपाट तळ वर. रूळ धरायचे लोखंडी कान वर राहिले तर खुरांची वाट लागते. गायी एकामागे एक चालतात, त्यामुळे लांबीत जोडून दोन ओळी आम्हाला पुरल्या. फटीत दगडाची भुकटी ठासून भरा, खूर अडकता कामा नये. रुळाखालची खडी मात्र वर पसरू नका, टोकदार असते. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, स्लीपर फोडून लहान करायला जाऊ नका, आत ताणलेल्या तारा असतात, धोक्याचं काम.

हाकताना घाई नको. गाय आपल्या चालीनं गेली तर पुढचा पाय जिथे पडला तिथेच मागचा ठेवते, मागून रेटलं की मान वर आणि पाय कुठेही.

एवढं सगळं करून पहिले तीन दिवस आमच्या गायी स्लीपर सोडून बाजूच्या चिखलातूनच गेल्या. वाटेच्या दोन्हीकडून कुंपणाची तार ओढली तेव्हा कुठे वर चढल्या.